उत्तर आलं नाही तर? वेब सर्व्हिस समजून घेताना

बाजार समितीतला लिलाव आटोपला की दिवसाचे दर तिथला कर्मचारी संगणकात भरतो. माणसाचा हात लागतो तो तेवढाच. पुढे तेच दर शेतकऱ्याच्या मोबाइलवरच्या ॲपमध्ये दिसतात, वर्तमानपत्राच्या संकेतस्थळावर दिसतात, एखाद्या व्यापाऱ्याच्या एक्सेलमध्ये आपोआप येऊन बसतात. त्यासाठी कुणी कुणाला फोन केलेला नसतो. एका प्रोग्रामने दुसऱ्या प्रोग्रामला विचारलं आणि त्याने सांगितलं, एवढंच घडलेलं असतं. इंटरनेटवरून असं विचारण्या-सांगण्याची जी ठरलेली सोय असते, तिला वेब सर्व्हिस म्हणतात. रोजच्या बोलण्यात इंजिनिअर मंडळी तिला नुसतं एपीआय म्हणतात. काटेकोर पाहिलं तर दोन्हींत थोडा फरक आहे, पण या लेखापुरता तो सोडून देऊ.

व्याख्या संपली. खरी मजा पुढे आहे. हे दोन प्रोग्राम एकमेकांना ओळखत नसतात. एक सरकारी खात्याचा, दुसरा पुण्यातल्या चार पोरांच्या कंपनीचा. एक जावात लिहिलेला, दुसरा पायथनमध्ये. आणि दोघांमधला रस्ता म्हणजे इंटरनेट, जिथे निरोप पोहोचेलच याची हमी कुणी देत नाही. अशा अनोळखी जोडीने भरवशाचं काम करायचं तर सगळं आधी ठरवून ठेवावं लागतं: काय विचारायचं, कसं विचारायचं, उत्तराची वाट किती वेळ पाहायची, आणि उत्तर आलंच नाही तर काय समजायचं. यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड, आणि पुस्तकांत त्याला सहसा शेवटच्या प्रकरणात जागा मिळते. इथे त्याला जास्त जागा देणार आहे.

पान डोळ्यांसाठी, उत्तर प्रोग्रामसाठी

वेबसाइट आणि वेब सर्व्हिस एकाच रस्त्याने येतात, फरक वाचणाऱ्यात असतो. वेबसाइटचं पान माणसाच्या डोळ्यांसाठी असतं: वर बोधचिन्ह, बाजूला मेनू, मधे तक्ता, खाली जाहिरात. माणूस त्यातून कांद्याचा दर बरोबर हेरतो. प्रोग्रामला मात्र हा सगळा पसारा आहे. असं पान कुरतडून त्यातला आकडा काढणारे प्रोग्राम लिहिता येतात, पुष्कळ लोक लिहितातही. पण पानाच्या मालकाने तक्त्यात एक रकाना वाढवला की तो प्रोग्राम दराच्या जागी आवक वाचू लागतो, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. मालकाचं काही चुकलं असंही म्हणता येत नाही, कारण रकाने बदलणार नाही असा शब्द त्याने कुणाला दिलेला नव्हता.

वेब सर्व्हिसमध्ये तो शब्द दिलेला असतो. केंद्र सरकारच्या डेटा डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर देशभरातल्या बाजार समित्यांचे रोजचे दर अशा पद्धतीने मिळतात. मूळ आकडे ॲगमार्कनेट या सरकारी यंत्रणेचे. विचारणारा प्रोग्राम एक लांबलचक वेबपत्ता पाठवतो. त्या पत्त्याच्या शेपटीला प्रश्नचिन्ह, आणि त्यापुढे अटी जोडलेल्या: ही माझी किल्ली, उत्तर जेसन या प्रकारात हवं, राज्य महाराष्ट्र, शेतमाल कांदा. उत्तर येतं ते काहीसं असं, फक्त इथे देवनागरीत लिहिलेलं आणि आकडे नमुन्याचे:

{ राज्य: "महाराष्ट्र", जिल्हा: "नाशिक", बाजार: "लासलगाव", शेतमाल: "कांदा", किमान: ९००, कमाल: १८५०, सर्वसाधारण: १५०० }

रंग नाही, तक्ता नाही, जाहिरात नाही. प्रत्येक आकड्याला त्याचं नाव चिकटलेलं. महिरपी कंसात नावं आणि किमती लिहिण्याच्या या पद्धतीला जेसन म्हणतात. डग्लस क्रॉकफर्ड या अमेरिकी प्रोग्रामरने २००० च्या सुमारास ती रूढ केली. आता माहितीची जी काही देवाणघेवाण वेबवर चालते, तिच्यातली बरीचशी याच वेषात चालते. उत्तरातले दर क्विंटलचे आहेत, ‘सर्वसाधारण’ म्हणजे ज्या भावाने बहुतेक माल गेला तो, या गोष्टी सोबतच्या माहितीपत्रकात लिहिलेल्या असतात. माहितीपत्रक न वाचता दर किलोचा समजून ॲप काढणारे महाभाग असतात, त्यांना कोणतीही सर्व्हिस वाचवू शकत नाही.

विचारण्याच्या रीती

विचारणा आणि उत्तर वाहून नेण्याचे नियम एचटीटीपीचे. हे तेच एचटीटीपी, जे टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत वेबसाठी तयार केलं आणि जे आपण वेबपत्त्याच्या सुरुवातीला वर्षानुवर्षं पाहत आलो. त्यात प्रत्येक विचारणेला एक क्रियापद असतं. ‘गेट’ म्हणजे दाखव, ‘पोस्ट’ म्हणजे हे घे आणि काम कर, ‘डिलीट’ म्हणजे काढून टाक. कांद्याचा दर विचारणं हे ‘गेट’. तो दहा वेळा विचारला तरी कांद्याला काही होत नाही. पैसे पाठवणं हे ‘पोस्ट’. ते दहा वेळा झालं तर महिनाअखेर होते. हा फरक लक्षात असू द्या, पुढे त्यावर बरंच अवलंबून आहे.

उत्तरासोबत एक तीन आकडी क्रमांक येतो. २०० म्हणजे ठीक. ४०४ सगळ्यांच्या ओळखीचा: असं काही इथे नाही. ४०१ म्हणजे तुम्ही कोण ते कळलं नाही, ४२९ म्हणजे फार वेळा विचारताय, जरा थांबा. ५०० म्हणजे आमच्याकडेच काहीतरी बिघडलं, ५०३ म्हणजे सध्या सेवा बंद. ४ ने सुरू होणारा क्रमांक आला तर चूक विचारणाऱ्याची, ५ ने सुरू होणारा आला तर देणाऱ्याची. दोष कुणाचा हे पहिल्याच आकड्यात सांगणारी व्यवस्था इतर फारशा क्षेत्रांत पाहिलेली नाही.

सोप आणि रेस्ट

प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलावं ही हौस वेबपेक्षा जुनी. १९९० च्या दशकात त्यासाठी कॉर्बा, डीकॉम अशा भारदस्त यंत्रणा होत्या. एका कंपनीच्या चार भिंतींत त्या बऱ्या चालत. बाहेर पडायचं म्हटलं की फायरवॉल, म्हणजे कंपनीच्या जाळ्यावरची राखण, आडवी येई. मग लक्षात आलं की वेबची वाहतूक प्रत्येक फायरवॉल सोडतेच, तर आपले निरोपही त्याच वाटेने का पाठवू नयेत? डेव्ह वाइनर, डॉन बॉक्स आणि मायक्रोसॉफ्टमधल्या काही जणांनी १९९८ मध्ये या कल्पनेवर काम केलं. त्यातून सोप नावाची पद्धत आली. निरोप एक्सएमएलमध्ये लिहायचा, म्हणजे प्रत्येक माहितीच्या दोन्ही टोकांना तिच्या नावाची खूण लावायची. हा मजकूर एका ठरलेल्या लिफाफ्यात घालायचा आणि एचटीटीपीवरून रवाना करायचा. सोबत डब्ल्यूएसडीएल नावाची फाइल, जिच्यात सर्व्हिस काय काय करते याचं यंत्राला वाचता येईल असं वर्णन.

सोपभोवती मोठं स्वप्न रचलं गेलं. २००० मध्ये आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि अरिबा यांनी जगातल्या सगळ्या वेब सर्व्हिसेसची एक सार्वजनिक नोंदवही असावी, असा घाट घातला. प्रोग्राम तिथे जाईल, हवी ती सर्व्हिस स्वतः शोधेल, वर्णन वाचेल आणि जोडून घेईल, अशी कल्पना. जानेवारी २००६ मध्ये ती नोंदवही बंद झाली. कारण साधं आहे. व्यवहार कुणाशी करायचा हे माणसं डिरेक्टरीत पाहून ठरवत नाहीत, ओळखीने आणि पत पाहून ठरवतात. प्रोग्रामच्या मालकांनीही तेच केलं.

त्याच २००० साली रॉय फील्डिंग यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेत पीएच.डी.चा प्रबंध सादर केला. एचटीटीपीचे नियम लिहिणाऱ्यांपैकी ते एक. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की वेब मुळातच इतकी चांगली चालते, तर तिच्यावर आणखी एक लिफाफा कशाला? प्रत्येक गोष्टीला एक पत्ता द्या, क्रियापदं एचटीटीपीचीच वापरा, आणि प्रत्येक विचारणा स्वयंपूर्ण असू द्या, म्हणजे मागचं काही लक्षात ठेवण्याची जबाबदारी सर्व्हरवर पडणार नाही. या शैलीचं नाव रेस्ट. ॲमेझॉनने जुलै २००२ मध्ये आपल्या मालाची यादी बाहेरच्या प्रोग्रामरांना खुली केली ती दोन्ही पद्धतींनी, आणि पुढच्या काही वर्षांत नव्या कामांसाठी लोकांचा कल साध्या पद्धतीकडे गेला. सोप मेलं, असं मात्र समजू नये. बँका, विमा कंपन्या, विमानसेवा यांच्या पोटात ते अजून निवांत काम करत आहे, आणि चालत्या गाडीला हात लावायला तिथे कुणी धजत नाही.

सव्वाशे रुपयांची भाजी

आता खरं उदाहरण. मोबाइलवरून पैसे देण्याची यूपीआय ही व्यवस्था ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत सुरू झाली. ती चालवणारी एनपीसीआय ही संस्थाही मुंबईचीच. बाहेरून ते एक ॲप वाटतं. आतून पाहिलं तर ते जवळपास निव्वळ वेब सर्व्हिसेसचं जाळं आहे. सहाशेहून अधिक बँका, त्यांच्या मधोमध एनपीसीआय, आणि सगळ्यांचं बोलणं एचटीटीपीएसवरून, सही केलेल्या एक्सएमएल निरोपांनी.

भाजीवाल्याच्या गाडीवरचा क्यूआर कोड म्हणजे चित्रात लपवलेली एक ओळ. तिच्यात पैसे कुणाला द्यायचे तो पत्ता असतो, नाव असतं, कधी रक्कम असते, चलन असतं. बँक खात्याचा क्रमांक नसतो. तुमचं ॲप ती ओळ वाचतं आणि आपल्या सोबतच्या बँकेमार्फत एनपीसीआयला पहिली विचारणा करतं: हा पत्ता खरा आहे का, आणि कुणाचा? एनपीसीआय तो पत्ता ज्या बँकेने दिला तिला विचारते, तिथून नाव येतं, आणि तुमच्या पडद्यावर भाजीवाल्याचं नाव उमटतं. एकही रुपया हललेला नाही आणि तीन संस्थांचं बोलणं झालेलं आहे.

तुम्ही १२५ टाकता, पिन टाकता. पिन टाकायचा पडदा ॲप कंपनीचा नसतो. तो भाग एनपीसीआयने पुरवलेला असतो आणि पिन तिथल्या तिथे सांकेतिक होतो, त्यामुळे ॲपला तो वाचता येत नाही. मग ‘रेक-पे’ नावाची विचारणा निघते. तिच्यात कोण देणार, कोण घेणार, किती, आणि या व्यवहाराचा स्वतःचा असा एक क्रमांक.

इथे एक बारकावा आहे. एनपीसीआय या विचारणेला लगेच उत्तर देत नाही, फक्त पोच देते. रजिस्टर पत्राची पोचपावती परत आली म्हणजे पत्र मिळालं एवढंच कळतं, मजकुरावर होकार आला असं होत नाही. ही पोच तशीच. खरं उत्तर नंतर, स्वतंत्र निरोपाने येतं. असं का? कारण मधे बरंच काम आहे. एनपीसीआयला घेणाऱ्याच्या बाजूकडून खात्याचा तपशील मागवायचा आहे. तुमच्या बँकेला ‘हे पैसे खात्यातून काढा’ असं सांगायचं आहे. ती बँक पिन तपासणार, शिल्लक पाहणार, पैसे वजा करणार आणि कळवणार. त्यानंतर भाजीवाल्याच्या बँकेला ‘जमा करा’. तिनेही कळवलं की मग तुमच्या बाजूला ‘झालं’ आणि त्याच्या बाजूलाही ‘झालं’. गाडीवरचा स्पीकर रक्कम बोलून दाखवतो तो सगळ्यात शेवटी; त्याच्या पोटात सिमकार्ड असतं आणि तो निरोप मोबाइल नेटवर्कवरून येतो. एवढा वेळ दहा जणांनी आपापली लाइन अडवून ताटकळायचं ठरवलं असतं तर व्यवस्था संध्याकाळच्या गर्दीतच बसली असती. पोच देऊन मोकळं व्हायचं, उत्तर जमेल तसं पाठवायचं, हे शहाणपण म्हणूनच.

ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयवर एका महिन्यात २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. सरासरी काढली तर सेकंदाला सुमारे साडेसात हजार. आणि वर सांगितलेला सगळा निरोपांचा पाठशिवणीचा खेळ प्रत्येक व्यवहारामागे वेगळा.

एक @ चालत नाही

अनोळखी प्रोग्रामांमधला करार किती काटेकोर असतो याचा एक छोटा नमुना सांगतो. यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराला ॲपच्या बाजूने जो क्रमांक दिला जातो, तो ३५ अक्षरांचा असावा आणि त्यात फक्त इंग्रजी अक्षरं व आकडे असावेत, असा नियम आहे. काही ॲप त्यात @, # किंवा तत्सम चिन्हं घालत. चालून जायचं. जानेवारी २०२५ मध्ये एनपीसीआयने परिपत्रक काढलं, की १ फेब्रुवारीपासून अशा क्रमांकाचा व्यवहार मध्यवर्ती यंत्रणाच नाकारेल. पैसे आहेत, पिन बरोबर, पत्ता खरा, आणि एका # साठी व्यवहार नामंजूर.

वरवर पाहता हा खाक्या सरकारी कचेरीतल्या कारकुनाचा वाटेल. मला तो योग्य वाटतो. एका ॲपला सूट दिली की पुढच्या सहाशे बँकांच्या प्रोग्रामरांना त्या सुटीची दखल घ्यावी लागते. कुणी घेतो, कुणी विसरतो, आणि विसरणाऱ्याकडे व्यवहार अडकतो. चुकीचा निरोप दारातच परत गेला तर निदान चूक कुणाची ते लगेच कळतं.

गप्प बसलेला सर्व्हर

आता तो अवघड प्रश्न. एनपीसीआयने तुमच्या बँकेला सांगितलं, १२५ काढा. उत्तर आलं नाही. यातून काय समजायचं? एक शक्यता, निरोप बँकेपर्यंत पोहोचलाच नाही. दुसरी, पोहोचला पण बँकेचा सर्व्हर कामाच्या ओझ्याखाली होता आणि काही केलं नाही. तिसरी, बँकेने पैसे काढले आणि परतीचा निरोप वाटेत हरवला. विचारणाऱ्याच्या बाजूने तिन्ही अवस्था हुबेहूब सारख्या दिसतात: शांतता. कांद्याच्या दराचं उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारा, प्रश्न मिटला. पैशांच्या बाबतीत पुन्हा विचारणं म्हणजे पहिल्या दोन शक्यतांवर उपाय आणि तिसऱ्या शक्यतेत २५० रुपयांची भाजी.

यावर वेब सर्व्हिसवाल्यांनी तीन हत्यारं शोधली आहेत, आणि यूपीआयमध्ये तिन्ही आहेत.

पहिलं, तोच क्रमांक. एकाच व्यवहाराचा निरोप दोनदा पोहोचला तरी क्रमांक एकच असेल, तर बँक ओळखू शकते की हे आपण आधीच केलं आहे. पैसे दुसऱ्यांदा काढायचे नाहीत, पहिल्याच वेळचं उत्तर पुन्हा द्यायचं. पैशांशी संबंध असलेल्या कोणत्याही सर्व्हिसमध्ये हे नसेल, तर ती वापरू नये.

दुसरं, घड्याळ. वाट किती पाहायची हे आधीच ठरवून टाकायचं. यूपीआयमध्ये पैसे देण्याच्या विचारणेला पूर्वी ३० सेकंद असत. जून २०२५ मध्ये ते १५ वर आणले. पत्ता तपासायला आणि व्यवहाराची स्थिती सांगायला १० सेकंद. वेळ टळली की गप्प बसणाऱ्याचं काय समजायचं तेही ठरलेलं. पैसे काढणारी बँक गप्प राहिली तर तिला उलट निरोप जातो: काढले असतील तर परत टाका. पैसे जमा करणारी बँक गप्प राहिली तर व्यवहार ‘डीम्ड’ म्हणजे झाल्यातच जमा धरतात, आणि खरोखर झाला का हे नंतर हिशेब जुळवताना पाहतात. भाजीवाल्याला ‘आले नाहीत’ आणि तुम्हाला ‘गेले’ असं एकाच वेळी दिसतं त्यामागे पुष्कळदा हीच अवस्था असते. दोघंही खरं बोलत असतात.

तिसरं हत्यार, वेगळी विचारणा. ‘पैसे काढा’ पुन्हा न म्हणता ‘त्या अमुक क्रमांकाचं काय झालं?’ एवढंच विचारायचं. ही विचारणा निरुपद्रवी, कितीदाही केली तरी कुणाच्या खात्यातून काही जात नाही. निदान तसं वाटत होतं.

१२ एप्रिल २०२५

त्या शनिवारी देशभर यूपीआय अडखळलं. लोक दुकानांत फोन हातात घेऊन उभे राहिले, एटीएम शोधत फिरले. त्याआधी २६ मार्चलाही असा प्रकार झाला होता. एप्रिलच्या घटनेचं जे कारण एनपीसीआयने शोधलं, ते वेब सर्व्हिस शिकवणाऱ्या प्रत्येक वर्गात सांगावं असं आहे. व्यवहार अडकत होते म्हणून बँकांचे प्रोग्राम स्थिती विचारत होते. उत्तर यायला उशीर झाला की पुन्हा विचारत होते. काही तर जुन्या व्यवहारांचीही चौकशी सतत करत होते. त्या निरुपद्रवी विचारणांचा असा लोंढा आला की खऱ्या व्यवहारांना वाट मिळेना. मग आणखी व्यवहार अडकले, आणि त्यांची स्थिती विचारायला आणखी विचारणा आल्या.

पंचाईत अशी, की यातला प्रत्येक प्रोग्राम आपल्यापुरता शहाणाच वागत होता. उत्तर नाही आलं तर पुन्हा विचार, हा धडा प्रत्येक नवशिक्याला दिला जातो. त्याचा दुसरा अर्धा भाग मात्र बहुतेक जण गाळतात: पुन्हा विचारताना थांब, दर वेळी जास्त थांब, आणि ठरावीक वेळांनंतर नाद सोड.

तो अर्धा भाग एनपीसीआयने मग नियम करून लादला. एका व्यवहाराची स्थिती दोन तासांच्या आत फार तर तीनदा विचारायची, आणि तीही लगोलग नाही. ऑगस्ट २०२५ पासून मर्यादा ग्राहकांपर्यंतही आल्या. एका ॲपवरून दिवसात शिल्लक पाहता येईल ती ५० वेळा, आणि मोबाइलला जोडलेल्या खात्यांची यादी २५ वेळा. आपोआप कापले जाणारे हप्ते आणि वर्गण्या गर्दीच्या वेळा टाळून. वर्तमानपत्रांत यावर ‘यूपीआयवर निर्बंध’ असे मथळे आले. दिवसात पन्नासदा शिल्लक पाहूनही ती वाढत नाही, हे ज्याला एव्हाना कळलं असेल त्याला या निर्बंधाचा काही त्रास नाही. खरा नेम ग्राहकावर नव्हताच. स्वतःहून, कुणी न सांगता, मागच्या मागे शिल्लक विचारत राहणाऱ्या ॲपवर तो होता.

किल्ली कुणाकडे

सर्व्हिस वेबवर आहे म्हणजे कुणीही आत येऊ शकतो असं नाही. कांद्याचे दर मिळवायला नाव नोंदवून एक किल्ली घेतली की झालं. नमुन्याच्या किल्लीवर एका वेळी दहाच नोंदी मिळतात. यूपीआयचं दार मात्र थेट उघडत नाही. ॲप कंपनी कितीही मोठी असो, तिला एखाद्या बँकेचा हात धरूनच आत यावं लागतं आणि प्रत्येक निरोपावर डिजिटल सही असते. या दोन टोकांच्या मधे एक सोय आहे, जी आपण न कळत रोज वापरतो: एखाद्या ॲपवर ‘गूगलने लॉगइन करा’ म्हणायचं. त्यामागे २०१२ मध्ये प्रमाणित झालेली ओऑथ २ ही पद्धत असते. तुमचा पासवर्ड त्या ॲपला मिळत नाही, फक्त ठरावीक कामापुरता, ठरावीक मुदतीचा एक परवाना मिळतो. तो तुम्ही नंतर रद्द करू शकता. खात्याच्या सेटिंग्जमध्ये जाऊन असे किती परवाने आपण वाटून ठेवलेत ते एकदा पाहा. बहुतेकांना धक्का बसतो.

पैसे अडकले तर

व्यवहार ‘प्रलंबित’ दाखवत असेल तर लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवू नका. तो नवा व्यवहार, नवा क्रमांक. वर सांगितलेलं पहिलं हत्यार तिथे चालत नाही. ॲपमध्ये त्या व्यवहाराचा १२ आकडी क्रमांक असतो, तो जपून ठेवा, बँक याच क्रमांकावर शोध घेते. बाकी नियम रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात घालून दिले आहेत. तुमच्या खात्यातून गेले पण समोरच्या व्यक्तीच्या खात्यात जमा झाले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते परत यायला हवेत. दुकानदाराला पुष्टी मिळाली नसेल तर पाच दिवसांत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि ती बँकेने ग्राहकाच्या तक्रारीची वाट न पाहता स्वतःहून खात्यात जमा करायची आहे.